कंपनी बंद पडली. आता पुली कुठून आणायची?

दसऱ्याच्या आगेमागे बुलडाणा जिल्ह्यात, विशेषतः घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांत, शिवारात सोयाबीनच्या सुड्या उभ्या असतात आणि आभाळाकडे डोळे लावून मळणी चाललेली असते. अशा ऐन वेळी मळणी यंत्र थांबतं. बेल्ट शाबूत असतो, इंजिनही सुरू होतं. पण इंजिनाच्या शाफ्टवरची पुली तडकलेली असते. इंजिन तीस-चाळीस वर्षांचं. तालुक्याच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचं?" कंपनी बंद पडलेली असते, नाहीतर ते मॉडेल. मग उत्तर मिळतं, "ही पुली आता येत नाही."

या एका उत्तरापायी चांगली चालती इंजिनं, पॉवर टिलर आणि मळणी यंत्रं भंगारात गेली आहेत. खरं तर पुलीइतका साधा भाग यंत्रात दुसरा नसेल. बिडाचं एक चाक, मधे भोक, कडेला खाच. मग तशीच दिसणारी दुसरी पुली का चालत नाही? आणि कधी चाललीच, तर तेच यंत्र वेगळं का वागू लागतं? कधी दाणा फुटतो, कधी बेल्ट जळतो, कधी इंजिन दमतं.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पुलीची खरी ओळख कंपनीच्या नावात नसते, मापांत असते. ती मापं नीट घेता आली, तर बंद पडलेल्या कंपनीची पुलीही मिळवता येते किंवा करून घेता येते. ती मापं कोणती आणि प्रत्येकाचं काम काय, ते एकेक करून पाहू.

एकाच वाड्यात तीन पिढ्यांची यंत्रं

पट्ट्यावर चालणारी यंत्रं या जिल्ह्याला नवी नाहीत. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे फाटा सुरू झाला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कापसातली सरकी काढून गाठी दाबण्याच्या जुन्या कारखान्यांत एकच मोठं इंजिन असे. छताखालून एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरच्या चपट्या पुल्यांवरून पट्टे उतरून प्रत्येक रेच्याला, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राला, गती देत. एका इंजिनावर अख्खा कारखाना चालायचा तो पुल्यांच्या जोरावर.

शेतात हे तंत्र आलं ते तेलाच्या इंजिनांबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. तिकडे इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या संथ, जड इंजिनांच्या धर्तीवर राजकोटच्या कारखानदारांनी इंजिनं काढली आणि ती देशभर विहिरींवर, गिरण्यांत, रसवंत्यांत पोचली. साठ-सत्तरच्या दशकांत जपानी तंत्राचे पॉवर टिलर आले: बंगळूरची व्हीएसटी मित्सुबिशीच्या सहकार्याने १९६७ साली, तर केरळची कामको कुबोटाच्या सहकार्याने १९७३ साली सुरू झाली. अमेरिकेत घराभोवतीच्या बागेत जे काम छोटा गार्डन ट्रॅक्टर करतो, ते आपल्या फळबागेत आणि भाजीच्या वाफ्यांत पॉवर टिलर करतो. दोघांतही इंजिनाच्या पुलीवरून व्ही-बेल्ट पुढे शक्ती नेतो. १९४६ साली अमेरिकेत सुरू झालेली व्हील हॉर्स ही गार्डन ट्रॅक्टरची नामांकित कंपनी १९८६ साली टोरोने विकत घेतली, आणि तिच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या मालकांनाही आज नेमकी हीच पुली शोधावी लागते.

म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या वाड्यात इंग्रजी इंचाच्या मापाचं इंजिन, जपानी मिलिमीटरच्या मापाचा टिलर आणि देशी बनावटीचं मळणी यंत्र असू शकतं. पुली बदलताना घोळ होतो तो इथेच.

पुली ठरवते वेग

पुलीचं पहिलं काम शक्ती पोचवणं, आणि तितकंच महत्त्वाचं दुसरं काम वेग ठरवणं. नियम एका ओळीचा आहे:

इंजिनाचे फेरे × इंजिनाच्या पुलीचा व्यास = यंत्राचे फेरे × यंत्राच्या पुलीचा व्यास

कारण सोपं आहे. बेल्ट एकच असल्यामुळे दोन्ही पुल्यांच्या कडेवरून एका मिनिटात तो सारख्याच लांबीने सरकतो. लहान पुलीला तेवढ्या लांबीसाठी जास्त फेरे घ्यावे लागतात, मोठीला कमी. बेल्ट किंचित घसरतो, म्हणून प्रत्यक्षात एक-दोन टक्के फेरे कमी पडतात. त्यापेक्षा जास्त घसरत असेल तर काहीतरी बिघडलेलं आहे.

समजा, इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरतं, त्यावर ५ इंची पुली आहे आणि मळणीच्या ड्रमवर २० इंची. ड्रमचे फेरे झाले १५०० × ५ ÷ २० = ३७५. सोयाबीनसाठी हा वेग योग्य आहे. बियाण्यासाठी ठेवायच्या, १३ टक्क्यांच्या आसपास ओल असलेल्या सोयाबीनची मळणी साधारण ३०० ते ४०० फेऱ्यांवर करावी, असं कृषी विभागाकडून सांगितलं जातं. आता दुकानात ५ इंची मिळाली नाही म्हणून कोणी ६ इंची बसवली. डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण ड्रम आता ४५० फेऱ्यांनी फिरतो. वेग वीस टक्के वाढला. दाण्यावरचा आघात मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. १.२ × १.२ = १.४४, म्हणजे माराची ऊर्जा जवळजवळ दीडपट.

सोयाबीनला हा मार सोसत नाही. त्याचं टरफल पातळ असतं आणि अंकुराचा कोवळा भाग त्या टरफलाच्या अगदी लगत असतो. दाणा बाहेरून अखंड दिसला तरी आत अंकुर दुखावलेला असू शकतो. घरचं बियाणं राखून पुढच्या जूनमध्ये पेरणाऱ्या शेतकऱ्याला हा फटका आठ महिन्यांनी कळतो आणि दोष पावसाला किंवा वाणाला दिला जातो. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असावी लागते. एका इंचाने चुकलेली पुली तेवढीही उगवण शिल्लक ठेवेल याची खात्री नाही.

इंजिनच बदललं तर फरक याहून मोठा पडतो. लिस्टर धर्तीचं ६ अश्वशक्तीचं जुनं इंजिन मिनिटाला ६५० फेरे फिरतं. त्याच ड्रमला ३७५ फेरे देण्यासाठी त्यावर साडेअकरा इंची पुली लागते. ते इंजिन थकलं म्हणून १५०० फेऱ्यांचं इंजिन आणलं आणि जुनी पुली त्यावर चढवली, तर ड्रम ८६० फेऱ्यांवर जाईल. इंजिन बदललं की पुलीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, तो यासाठी.

पॉवर टिलरलाही हाच नियम लागू आहे. इंजिनाची पुली वीस टक्के मोठी झाली, की सगळे गिअर आणि मागचा रोटरी वीस टक्के जोरात पळू पाहतात. इंजिनाची ताकद मात्र तीच असते. चिकट काळ्या मातीत ते दम सोडतं, धूर टाकतं, आणि बिघाड इंजिनात शोधला जातो.

जुनी पुली पूर्ण हरवली असेल तरी याच सूत्राने तिचा व्यास काढता येतो. इंजिनाचे फेरे त्याच्यावरच्या धातूच्या पट्टीवर कोरलेले असतात, यंत्राची पुली समोर असते, आणि यंत्राला किती फेरे हवेत ते पीक ठरवतं. तीन आकडे हाती असले की चौथा निघतो.

व्ही-बेल्ट घट्ट का धरतो?

जुन्या कारखान्यातला चपटा पट्टा रुंद असे आणि दोन पुल्यांमधलं अंतर लांब ठेवावं लागे. व्ही-बेल्ट अरुंद असूनही तेवढीच शक्ती थोड्या जागेत नेतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर जशी दोन्ही बाजूंनी लाकूड दाबून धरते, तसा हा बेल्ट खाचेत रुततो. त्याची पकड खालच्या बाजूने नसते, दोन्ही तिरक्या कुशींनी असते. जितका ताण, तितका तो खाचेत अधिक घट्ट बसतो. याच कारणाने तोच ताण असताना व्ही-बेल्टची पकड चपट्या पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते.

यातून पुली निवडण्याच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली, बेल्टचा प्रकार. आपल्याकडे शेतीयंत्रांवर मुख्यतः तीन दिसतात: ए, वरून १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड, बी, १७ बाय ११, आणि सी, २२ बाय १४. बेल्टच्या पाठीवर छापलेलं असतं. "बी ६५" म्हणजे बी प्रकार, आतून लांबी ६५ इंच. ए प्रकारचा बेल्ट बी खाचेत टाकला, तर तो तळाला टेकतो आणि पाचरीचा सगळा फायदा संपतो.

दुसरी, खाचेचा कोन. बेल्टच्या कुशींमधला कोन सुमारे ४० अंश असतो. पण बेल्ट पुलीभोवती वाकला की त्याचा आतला भाग दबून फुगतो, बाहेरचा ताणून अरुंद होतो, आणि कोन कमी होतो. पुली जितकी लहान, तितका बेल्ट जास्त वाकतो. म्हणून लहान पुलीच्या खाचेचा कोन ३४ अंश आणि मोठीचा ३८ अंश ठेवतात. लेथवर पुली करून घेताना टर्नरला हे आवर्जून सांगावं. सगळ्या खाचा डोळ्यांच्या अंदाजाने ४० अंशांत कापल्या, तर बेल्ट नुसत्या खालच्या कडांवर घासत राहतो.

तिसरी, व्यासाची खालची मर्यादा. फार लहान पुलीवर बेल्ट प्रत्येक फेऱ्यात इतका वाकतो की आतून तापून चिरा जातात. ए बेल्टसाठी साधारण ७५ मिमी, बीसाठी १२५ आणि सीसाठी २०० मिमी ही खालची मर्यादा धरतात. ५ इंच म्हणजे १२७ मिमी. बी बेल्टसाठी याहून लहान पुली घेऊ नये.

झिजलेली पुली ओळखण्याची खूणही इथेच मिळते. नवा बेल्ट खाचेत ठेवला की त्याची पाठ पुलीच्या काठाशी जवळजवळ समतल यायला हवी. तो आत बुडत असेल, खाचेचा तळ घासून चकाकत असेल किंवा खाचेच्या भिंती आत वाकल्यासारख्या पोकळ झाल्या असतील, तर पुली संपली आहे. बुडालेला बेल्ट कमी व्यासावर फिरतो, त्यामुळे यंत्राचा वेग हळूहळू उतरतो. मग चालक इंजिनाची रेस वाढवतो, बेल्ट आणखी घसरतो, तापतो आणि तुटतो. हंगामात तीन बेल्ट बदलणाऱ्या माणसाला बहुधा एका पुलीची गरज असते.

शाफ्ट, भोक आणि चावी

व्यास आणि खाच जुळली तरी पुली शाफ्टवर बसायला हवी. पुलीच्या मधल्या भोकाला कारागीर बोर म्हणतात. बोर आणि शाफ्ट यांतला फरक मिलिमीटरच्या शतांशांत मोजावा लागतो. फूटपट्टीने हे होत नाही. व्हर्निअर हवा, आणि टर्नरकडे मायक्रोमीटर असेल तर उत्तम.

इंच आणि मिलिमीटरचा सापळा इथे असतो. दीड इंची शाफ्ट म्हणजे ३८.१ मिमी. ३८ मिमी बोरची पुली त्यावर जाणार नाही. एक दशांश मिलिमीटर आडवा येतो. ती घणाने ठोकून बसवली तर बिडाच्या मधल्या भागाला, म्हणजे हबला, केसासारखी चीर पडते आणि ती भर हंगामात उघडते. उलट सव्वा इंची शाफ्टवर, म्हणजे ३१.७५ मिमीवर, ३२ मिमीची पुली सहज सरकते. पण पाव मिलिमीटरची ती ढिलाई एका सिलिंडरच्या इंजिनावर महागात पडते. एका सिलिंडरचं इंजिन सलग ओढत नाही, धक्क्या-धक्क्यांनी ओढतं. प्रत्येक धक्क्याला ढिली पुली थोडी हलते आणि काही दिवसांत शाफ्ट, चावी आणि बोर तिन्ही खाऊन टाकते.

पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांच्या खाचांत मिळून लोखंडाचा एक चौकोनी तुकडा बसतो. ती चावी. तिचंही माप ठरलेलं आहे. मिलिमीटरच्या पद्धतीत २२ ते ३० मिमी शाफ्टला ८ मिमी रुंद चावी, ३० ते ३८ मिमीला १० मिमी, आणि ३८ ते ४४ मिमीला १२ मिमी. इंची पद्धतीत एक इंची शाफ्टला पाव इंची चावी येते. जुन्या जड इंजिनांवर डोकं असलेली निमुळती चावीही सापडते. तिचा उतार दर १०० मिमीला १ मिमी असतो आणि ती ठोकून आवळायची असते. सरळ खाचेची पुली अशा चावीवर घट्ट बसत नाही, म्हणून चावी सरळ आहे की निमुळती, हे आधी पाहून लिहून ठेवावं.

आणखी एक माप बहुतेक वेळा विसरलं जातं: पुली इंजिनाच्या अंगापासून किती बाहेर येते. पुली जितकी बाहेर, तितका बेल्टचा ओढा क्रँकशाफ्टला जास्त वाकवतो. दोन बोटं बाहेर सरकलेल्या पुलीने बेअरिंग लवकर जातं, आणि कधी शाफ्टच तुटतो. नवी पुली जुनीइतकीच आत बसली पाहिजे.

तुटलेली पुली काढून मोजताना

अडकलेली पुली काढताना कडेवर हातोडा मारू नये. बीड दाब सोसतं, ताण आणि धक्का सोसत नाही. रात्रभर रॉकेल किंवा डिझेल मुरू द्यावं, आणि पुलरचे पंजे हबच्या मागे लावून सरळ ओढावं. निमुळती चावी असेल तर तिचं डोकं आणि हब यांच्या मधे पाचर ठोकून आधी चावी बाहेर काढावी. चावी न काढता पुली ओढू नये.

पुलीचा फक्त तुकडाच हाती उरला असेल तरी व्यास काढता येतो. तुकड्याच्या बाहेरच्या कडेवर दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा. मग त्या सरळ रेषेपासून कड मधोमध किती वर फुगली आहे ते मोजा. समजा, अंतर १२० मिमी आणि फुगवटा ३६ मिमी आला. १२० चा वर्ग १४,४००; त्याला फुगवट्याच्या आठपटीने, म्हणजे २८८ ने भागलं की ५०; त्यात फुगवट्याचा निम्मा भाग, १८, मिळवला की ६८. ही त्रिज्या. म्हणजे बाहेरचा व्यास १३६ मिमी.

मात्र बेल्ट बाहेरच्या कडेवर चालत नाही, थोडा आत चालतो. वेगाच्या हिशेबात धरायचा व्यास बी पुलीत बाहेरच्यापेक्षा साधारण ८ मिमी कमी असतो, ए पुलीत ६ ते ७ मिमी आणि सीमध्ये ११ मिमी. १३६ मधून ८ वजा केले की १२८ मिमी, म्हणजे आपली जुनी ५ इंची पुली. दुकानदाराशी बोलताना "बाहेरून पाच" की "हिशेबाची पाच" हे स्पष्ट करावं; गैरसमज इथेच होतात.

पुली मिळवण्याच्या चार वाटा

पहिली आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे बाजारातली तयार पुली. व्यास, बेल्टचा प्रकार आणि बेल्टची संख्या जुळली, की बोर लहान असलेली पुली घ्यायची आणि लेथवर आपल्या शाफ्टला बेतून मोठी करून, चावीची खाच मारून घ्यायची. भोक मोठं करता येतं, लहान नाही. म्हणून निवड नेहमी लहान बोरची. बेल्टची संख्या मात्र कमी करू नये. तीन बेल्टच्या जागी दोन बेल्टची पुली लावली, तर प्रत्येक बेल्टवर दीडपट भार येतो.

दुसरी वाट टेपर बुशची पुली. हिच्या हबमध्ये निमुळतं भोक असतं, आणि त्यात बाहेरून निमुळता, मधे चिरलेला बुश बसतो. स्क्रू आवळले की बुश शाफ्टला कवळतो. पुली तीच राहते, बुश बदलला की २५ मिमीच्या शाफ्टलाही बसते आणि एक इंचीलाही. इंच-मिलिमीटरचा पेच सोडवणारी ही चांगली सोय आहे. बुशवर १६१० असा आकडा असेल, तर त्यातले १६ म्हणजे जास्तीत जास्त बोर सुमारे १.६ इंच आणि १० म्हणजे लांबी १ इंच.

तिसरी वाट जुनीच पुली वाचवण्याची. कडा आणि खाचा चांगल्या, पण बोर खाल्लेलं असेल, तर बोर मोठं करून त्यात पोलादी बुश मारता येतो आणि त्यात नवं बोर आणि नवी चावीची खाच घेता येते. हबच्या भिंतीला पुरेशी जाडी शिल्लक असेल तरच हे करावं.

चौथी वाट नवी पुली घडवण्याची. लहान पुली पोलादाच्या गोल तुकड्यातून सरळ लेथवर होते. मोठी असेल तर बिडाची ओतावी लागते. खामगाव-मलकापूरच्या औद्योगिक वसाहतींतून किंवा अकोला, जळगावहून विचारणा करता येते. मोठ्या ओतकामासाठी कोल्हापूरचा फाउंड्री उद्योग राज्यात नावाजलेला आहे. जुनी पुलीच वाळूत दाबून तिचा साचा करायचा, हा विचार सहज सुचतो. पण वितळलेलं बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं. ३०० मिमीची पुली २९७ ची होऊन निघते, आणि लेथवर साफ करताना आणखी दोन-तीन मिलिमीटर जातात. म्हणून जुन्या पुलीवर आधी तेवढी भर घालावी लागते, किंवा आकसणं आणि लेथची सूट धरून लाकडी फर्मा करावा लागतो. ओतारी जाणकार असेल तर तो हे स्वतःच विचारतो.

बिडाची मर्यादा ओळखा

फिरणाऱ्या पुलीची कड सतत बाहेर फुटू पाहते. तिच्यावरचा हा ताण कडेच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. साध्या बिडाच्या पुलीसाठी कडेचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या आसपास ही सुरक्षित मर्यादा मानतात.

आता ६५० फेऱ्यांच्या जुन्या इंजिनावरची २० इंची पुली घ्या. तिच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण १७ मीटर, अगदी सुरक्षित. तीच पुली १५०० फेऱ्यांच्या इंजिनावर चढवली तर कडेचा वेग ४० मीटर होतो आणि कडेवरचा ताण पाचपटीहून जास्त. बाहेरून भक्कम दिसणारी ती पुली फुटली, तर तिचे तुकडे माणसाचा जीव घेऊ शकतात. जुन्या संथ इंजिनाची मोठी पुली जलद इंजिनावर कधीही लावू नये. तडकलेल्या बिडाच्या पुलीला वेल्डिंगचा टाका घालून ती पुन्हा फिरवणंही तितकंच घातक. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याशेजारचं बीड कडक आणि ठिसूळ होतं, आणि चीर शेजारून पुढे सरकते.

मळणी यंत्राने हात गमावलेली माणसं कोणत्याही तालुक्यात भेटतात. अशाच अपघातांमुळे १९८३ साली केंद्राने घातक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. पुली बदलताना काढलेली जाळी परत बसवणं हा दुरुस्तीचाच भाग आहे. ती बसेपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नये.

बसवल्यावरच्या तीन तपासण्या

पहिली, दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का. दोन्हींच्या तोंडावरून सुतळी ताणून धरावी. ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पुल्यांचे काठ सारख्या जाडीचे नसतील तर खाचेपासून मोजावं.

दुसरी, ताण. दोन पुल्यांमधल्या बेल्टच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर, मोकळ्या अंतराच्या दर मीटरला सुमारे १६ मिमी दबला पाहिजे. फार घट्ट बेल्ट बेअरिंग खातो, ढिला बेल्ट खाच खातो. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत सैलावतो, म्हणून एकदा पुन्हा आवळावा. दोन-तीन बेल्ट असतील तर सगळे एकदम, एकाच मापाचे बदलावेत. जुने बेल्ट ताणलेले असतात, त्यामुळे सगळा भार एकट्या नव्यावर येतो.

तिसरी, फेरे. हातात धरायचा आरपीएम मीटर आता स्वस्तात मिळतो. ड्रमचे फेरे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय बियाण्याचं सोयाबीन यंत्रात टाकू नये.

चौकट: दुकानात नेण्याची चिठ्ठी

• इंजिनाचे फेरे (पट्टीवरचे) आणि यंत्राला हवे असलेले फेरे
• यंत्रावरच्या पुलीचा व्यास आणि त्यावरून काढलेला इंजिनाच्या पुलीचा व्यास
• बेल्टचा प्रकार (ए, बी की सी), लांबी आणि संख्या
• शाफ्टचा व्यास व्हर्निअरने, इंच की मिलिमीटर ते नोंदवून
• चावीची रुंदी, उंची, आणि ती सरळ की निमुळती
• हबची लांबी आणि पुली इंजिनापासून किती बाहेर येते ते अंतर
• जुन्या पुलीचे तुकडे आणि जुना बेल्ट सोबत

मापं जपली तर यंत्र जगतं

ही चिठ्ठी पुली तुटण्याची वाट न पाहता आजच करावी. उन्हाळ्यात यंत्र रिकामं उभं असतं. तेव्हा ही मापं घेऊन तेलरंगाने यंत्राच्या अंगावरच लिहून ठेवली, तर ऑक्टोबरमध्ये पावसाच्या धाकाखाली धावपळ होणार नाही. गावात दहा जणांकडे एकाच धर्तीची इंजिनं असतील, तर दहांनी मिळून एक फर्मा करून ठेवावा. ओतकामाचा खर्च वाटला जातो आणि पुढच्या वेळची पुली आधीच तयार असते.

कंपन्या येतात आणि जातात. पण १७ मिमीचा बी बेल्ट, ३४ अंशांची खाच आणि शंभराला एक उताराची चावी ही मापं कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीत. ती प्रमाण म्हणून ठरलेली आहेत, आणि जिल्ह्याच्या कोणत्याही चांगल्या टर्नरला ती कळतात. भंगारवाल्याने वजनावर तोललेल्या अनेक इंजिनांत बिघाड एका पुलीचा होता. पुढच्या वेळी "ही आता येत नाही" असं उत्तर मिळालं, तर चिठ्ठी खिशात घालून लेथवाल्याकडे जावं. तो कंपनीचं नाव विचारणार नाही, शाफ्ट किती मिलिमीटरचा आहे ते विचारेल.